आत्या, मामा आणि निपाणीची वेळ

आप्पांना कुणी पासवर्ड सांगायला लागलं की ते दोन्ही कानांत बोटं घालत आणि बेळगाव-निपाणी रस्त्यावरची गावं मोठ्यानं म्हणायला लागत. "काकती, होनगा, वंटमुरी, हत्तरगी, संकेश्वर, कणगला..." सांगणारा तोवर गप्प झाला तर कणगल्याला थांबत, नाहीतर तवंदीचा घाट उतरून निपाणीत शिरत. हिशेब विभागातल्या एक बाई फार चिकाटीच्या निघाल्या, तेव्हा आप्पांना कागल ओलांडून थेट कोल्हापूर गाठावं लागलं होतं.

"अहो आप्पा, पासवर्ड सांगितल्याशिवाय माझं कॉम्प्युटर तुम्ही बघणार कसं?" बाई शेवटी दमून म्हणाल्या.

"पासवर्ड म्हंजे तुमच्या ताटातला घास, मॅडम. मला सांगितला की उष्टा झाला. उष्टं मी खात न्हाय, आन तुमालाबी खाऊ देणार न्हाय. बदला आता."

"पण मी सांगितलाच कुठं? तुम्ही कोल्हापूरला गेलता की."

"पहिली दोन अक्षरं काकतीच्या आधी ऐकू आली. बदला."

बाईंनी बदलला. आप्पा तोवर पाठ करून भिंतीकडं बघत उभे.

आमच्या संस्थेत पासवर्ड सांगणं ही माणुसकी समजली जाई, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एखादी क्लार्क रजेवर असली तर तिच्या घरी फोन जायचा आणि ती फोडणी टाकता टाकता पासवर्ड सांगायची. व्हरांड्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक जायची, "अगं ए, तुझं परत एकदा सांग गं, शेवटी एक का दोन?" न सांगणारा माणूस शिष्ट ठरायचा. सबंध संस्थेत आप्पा एकटेच शिष्ट होते.

आप्पांच्या ताब्यात संस्थेची सगळी कॉम्प्युटर होती. मुख्य कॉलेज बेळगावात, एक शाखा संकेश्वरला, एक निपाणीला. आप्पा बेळगुंदीचे, घरची शेती, रोज स्कूटरवरून येत. त्यांच्या पिशवीत लॅपटॉप आणि उकडलेली रताळी एकाच कप्प्यात असत, त्यामुळं लॅपटॉपची काही बटणं चिकट होती आणि सबंध सर्व्हरच्या खोलीला गोडसर वास यायचा. मनगटावर घड्याळ नाही, खोलीत घड्याळ नाही. वेळ विचारली तर म्हणत, "मशीनला ठाव हाय. तिला इचार."

मी पदवी संपवून त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. अनगोळात आमचं घर, आणि घरात बाकी काही नसलं तरी पत्रकं असत. पाण्यासाठी, वाचनालयासाठी, शाळेसाठी, भाषेसाठी. वडील लिहीत, आई घड्या घाले, आम्ही भावंडं वाटत असू. मुलाखतीला आप्पांनी मला एकच प्रश्न विचारला.

"फुकट आन मोकळं, फरक सांग."

मी म्हटलं, "फुकट देणारा उद्या मागायला येतो. मोकळं असतं त्यावर कुणाचा मागायचा हक्कच नसतो."

आप्पांनी पिशवीतून एक रताळं काढून माझ्यापुढं ठेवलं. नेमणुकीचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं, पण नोकरी रताळ्यालाच लागली होती. तेव्हापासून ते मला 'पत्रक' म्हणत. "ए पत्रक, ही वायर धर." "पत्रक, जेवलीस काय?"

आप्पांच्या खोलीतून मुख्यतः दोन कामं चालत. ती लोकांना समजावीत म्हणून त्यांनी दोन नातेवाईक नेमले होते. पहिली आत्या. पुस्तकात तिला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. संस्थेत कोण कोण आहे, कुठल्या शाखेत, कुणाच्या हाताखाली, कुणाला कुठलं दार उघडतं, हे तिला विचारायचं.

"घराघरात एक आत्या असतीया," आप्पा सांगत. "तिला समद्या गोतावळ्याची खबर. कोण कुणाचा, कुठं दिलीया, कुणाचं कुणाशी पटत न्हाय. तसली ही."

दुसरा मामा, म्हणजे पासवर्ड सर्व्हर. तो दारात उभा असतो आणि तू म्हणतोस तो तूच का, एवढंच बघतो. बघून झालं की वेळ घातलेली एक चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी दाखवून मग दिवसभर सगळीकडं फिरायचं.

एकदा चेअरमनसाहेबांनी आप्पांना बोलावून एका रजेवरच्या प्राध्यापकांचा पासवर्ड मागितला. साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त आपल्या संस्थेत आपल्याला ठाऊक नाही असं काही असावं, ही गोष्ट त्यांना झेपत नसे.

"मला ठाव न्हाय, साहेब," आप्पा म्हणाले. "मामालाबी न्हाय."

"मामाला नाही? मग तो तपासतो काय?"

"तुम्ही जोंधळं आणून दिलासा. मामानं दळून पीठ ठिवलं, जोंधळं टाकून दिलं. उद्या तुम्ही परत जोंधळं आणायचं, मामा परत दळणार. पीठ पिठाशी जुळलं तर आत. पिठाचं परत जोंधळं करून मागू नगासा, ते कुणालाच येत न्हाय."

साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "गिरणी कुणाची?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गिरणी कंपनीची होती. आत्या भाड्याची, मामा भाड्याचा, दोघं राहत ते मशीनही कंपनीनंच गळ्यात मारलेलं. भाडं माणशी. म्हणजे संस्थेत एक नाव वाढलं की कंपनीला एक भाडेकरू वाढला. माणसाचं नाव लिहून ठेवायला माणशी पैसे घेणाऱ्याला आमच्या घरच्या पत्रकांत सावकार म्हणत, आणि तो शब्द बदलावा असं मला अजून वाटलेलं नाही. त्या वर्षी कंपनीनं भाडं वाढवलं, आणि पुण्याहून एक टायवाले गृहस्थ नवं पॅकेज घेऊन आले. भाडं त्याचंही माणशीच.

साहेबांनी तोडगा काढला, डोकी कमी करू. कुठली डोकी, तर दिवसा कामाला जाऊन संध्याकाळच्या वर्गाला येणारी मुलं, दोन वॉचमन आणि कँटीनच्या मावशी.

मावशींचं खातं आप्पांनीच उघडून दिलं होतं. रोज सकाळी मावशी दोन बोटांनी एक ओळ लिहीत आणि ती तिन्ही गावांतल्या प्रत्येक पडद्यावर सगळ्यांत आधी उमटे. "आज भडंग हाय." "आज भडंग न्हाय, इचारू नये." परिपत्रकं कुणी वाचत नसे, पण मावशींची ओळ सगळे वाचत. निपाणीची माणसं तर ती वाचून बेळगावला काम काढत.

"मावशीचं नाव आत्याकडनं काढायचं?" आप्पा साहेबांना म्हणाले. "जो दारातनं आत येतो त्याचं नाव घरात पाहिजे. मी आपल्या घरचे आत्या-मामा आणतो. मोकळे. भाडं न्हाय, डोकी मोजायची न्हाईत."

"फुकटचं चालेल काय हो?"

"मोकळे म्हटलं मी, साहेब."

ठरलं ते असं. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी तिन्ही शाखा आप्पांच्या आत्या-मामांच्या दारातून आत आल्या पाहिजेत. आल्या तर कंपनी घरी जाणार आणि सगळ्यांची नावं राहणार. एक जरी शाखा अडली तर साहेब त्याच दिवशी टायवाल्यांच्या कागदावर सही करणार आणि मावशींपासून काट मारायला सुरुवात होणार.

"तसं झालं तर मी रताळी उचलून बेळगुंदीला जातो," आप्पांनी स्वतःचीही अट त्यात घातली. ती कुणी मागितली नव्हती.

आता अडचण सांगते. आप्पांनी निवडलेले मोकळे आत्या-मामा भलत्याच जातीच्या मशीनसाठी लिहिलेले होते. आमच्याकडं आप्पांनी बसवली होती युनिक्सच्या चुलत घराण्यातली एक साधी, मोकळी प्रणाली. त्या घरचा प्रोग्राम या घरी आणायचा, याला पोर्टिंग म्हणतात. आप्पा म्हणत, "नांदायला आणलीया." प्रोग्राम इकडच्या मशीनवर उभा करायला गेलं की पडद्यावरून चुकांचा लोंढा वाहायचा. इथं जी वस्तू फडताळात ती तिथं माळ्यावर, इथं डावीकडून मोजतात ते तिथं उजवीकडून. आप्पा एकेक चूक वाचून हसायचे, अगदी मनापासून, खांदे हलवत.

"सासरचं पाणी मानवंना अजून," ते म्हणायचे. "मिठाचा डबा कुठं ठेवलाय इचारतीया."

महिनाभर मी ऐकून घेतलं. एके दिवशी माझ्यातलं पत्रक पेटलं.

"आप्पा, दर वेळी सुनेनंच का जुळवून घ्यायचं? सासरनं काही बदलायचं नाही?"

आप्पांचा हसरा चेहरा तसाच थांबला. हातातलं रताळं त्यांनी खाली ठेवलं, ही मोठी गोष्ट होती. "बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "मी उगंच तिला वाकवालोय. हितं घरच चुकलंय." मग त्यांनी प्रोग्रामला हात न लावता आमच्या प्रणालीचाच एक कोपरा दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती ती प्रणाली सांभाळणाऱ्या परदेशी लोकांना पाठवून दिली. त्यांनी ती घेतली. सासर बदललं. आप्पांनी मला दोन रताळी दिली.

एकाच ठिकाणी त्यांनी कंटाळा केला. नकार देताना मामानं कारण सांगायचं असतं, आणि तो कारणांचा भाग काही केल्या इकडच्या घरी उभा राहीना. आप्पांनी तो सबंध कापून टाकला आणि त्या जागी एक ओळ घातली. पासवर्ड चुको, नाव चुको, काहीही होवो, मामा पडद्यावर एवढंच म्हणणार, "न्हाय म्हंजे न्हाय."

"निदान कारण तरी नोंदवू दे की त्याला," मी म्हटलं.

"कारणं नंतर शिकवू. आधी न्हाय म्हणाय येऊ दे."

राहिलं पीठ. जुन्या गिरणीचं पीठ नव्या गिरणीला चालेना, दळण वेगळं. सगळ्यांचे पासवर्ड कागदावर मागवून घ्या, असा साहेबांचा निरोप आला. त्यावर आप्पा कानांत बोटं घालून पार कोल्हापूरच्या पुढं गेले. मग त्यांनी युक्ती काढली. नव्या मामाच्या मागं काही दिवस जुना मामा उभा करायचा. माणूस पहिल्यांदा येईल, जुना मामा ओळख पटवेल, त्याच क्षणी नवा मामा ते जोंधळे आपल्या गिरणीत दळून घेईल. माणसाला कळणारसुद्धा नाही. कुणी कुणाला विचारलं नाही, काही उष्टं झालं नाही, आणि घर बदललं.

मी पत्रक काढलं. मथळा होता, 'नावाला भाडं कशाला'. आप्पांनी ते पेन घेऊन वाचलं आणि त्यातली सगळी उद्गारचिन्हं खोडली.

"ही कशाला? ह्यांनी काय जास्त चालतंय काय?"

"जोर येतो, आप्पा."

"जोर वाक्यात पाहिजे. हे म्हंजे दार उघडंना म्हणून दारावर ओरडणं."

सत्राच्या आधी आप्पा स्वतः दोन्ही शाखांना जाऊन आले. संकेश्वरला लॅपटॉप वायरला जोडला, मामानं आत घेतलं. निपाणीला लॅपटॉप जोडला, मामानं आत घेतलं. "निपाणी पास," त्यांनी परत येऊन जाहीर केलं, आणि मावशींनी दुसऱ्या दिवशीची ओळ तेव्हाच ठरवून टाकली.

पहिला दिवस उजाडला. बेळगाव सकाळीच आत आलं. कुणाला काही बदललंय हे समजलंच नाही, आप्पांच्या मते यापेक्षा मोठं कौतुक नाही. मग संकेश्वर आलं. मग निपाणीहून फोन आला, आणि तो फोन आक्कांचा होता.

आक्का म्हणजे निपाणी शाखेच्या ऑफिस सुपरिटेंडेंट. निपाणीचे प्राचार्य बदलत, आक्का बदलत नसत. चेअरमनसाहेब लहानपणी त्यांच्याच गल्लीत वाढलेले, त्यामुळं सबंध संस्थेत साहेबांना अरेतुरे करणारं एवढंच माणूस होतं.

"आप्पा, हितं तुमचा मामा माजलाय," आक्का म्हणाल्या. "पोरींना म्हणतोय, न्हाय म्हंजे न्हाय. मला म्हणतोय, न्हाय म्हंजे न्हाय. सत्राचं नारळ फोडाय चेअरमन आलाय, त्यालाबी तेच म्हणाला. त्याच्यासंगं एक टाय घातलेला हाय, त्यो लई खूश हाय."

साहेबांनी फोन घेतला. "आप्पा, पाचला मी सही करणार. या."

आम्ही मिळेल ती एसटी पकडली. सबंध रस्ता आप्पा ती गावं खिडकीतून नुसती बघत होते, म्हणत नव्हते. निपाणीच्या प्रयोगशाळेत पोचलो तर हरेक पडद्यावर एकच वाक्य, आणि त्यापुढं पोरी रांगेनं बसून हसताहेत. आप्पांनी लॅपटॉप काढला, त्याच वायरला जोडला. मामानं मुकाट आत घेतलं. शेजारच्या मशीनवर तेच नाव, तोच पासवर्ड. न्हाय म्हंजे न्हाय.

त्यांनी वायर बदलली. मशीन बदललं. लॅपटॉपवरूनच बेळगावातल्या मामाला बंद करून परत उठवलं. मामा काय नोंदवतोय ते उघडून बघितलं, तर तिथंही ओळीखाली ओळ, न्हाय म्हंजे न्हाय, न्हाय म्हंजे न्हाय.

"कारण लिही म्हटलं होतं मी," मी हळूच म्हटलं.

"गप गं," आप्पा म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले नाहीत. पिशवीतली रताळी तशीच होती.

टायवाले गृहस्थ कोपऱ्यात कागद लावून बसले होते. "सर, आमच्या पॅकेजमध्ये असा प्रश्नच उद्भवत नाही," ते मधूनमधून साहेबांना सांगत. साहेब आप्पांकडं बघत. त्यांना आनंद होत नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. शिपायानं बाहेर घंटा दिली. पोरी दप्तरं आवरायला लागल्या. टायवाल्यांनी कागद पुढं सरकवला, साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं, आणि सवयीनं मनगट उलटं करून बघितलं.

"पाच कुठं वाजलेत? दहा मिनिटं कमी आहेत की."

"भिंतीवर पाच झालेत, सर," टायवाले म्हणाले.

आप्पांची मान झटकन वर आली. त्यांनी साहेबांचं मनगट बघितलं, मग भिंत, मग लॅपटॉपचा कोपरा, मग शेजारच्या मशीनचा कोपरा. लॅपटॉपवर पाचला दहा कमी. मशीनवर पाच. भिंतीवर पाच. ओळीतल्या सगळ्या मशीनवर पाच. आणि आप्पा फरशीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. बघते तर खांदे हलताहेत.

"आक्का," हसू आवरेना म्हणून ते दमादमानं बोलत होते, "हे घड्याळ पुढं हाय?"

"व्हय. दहा मिनिटं."

"आन मशीनचं?"

"तेबी. भिंतीवर एक आन मशीनवर एक कसं चालंल?"

"मला सांगितलं न्हाईसा?"

"समद्या निपाणीला ठाव हाय. तुम्ही इचारलं कुठं?"

गोष्ट एवढीच होती. मामा चिठ्ठीवर वेळ घालतो. समोरच्या मशीनचं आणि त्याचं घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलं की त्याला चोराचा वास येतो. जुना मामा चिठ्ठीवर वेळ घालायचा, पण ती कधी जुळवून बघायचा नाही. आप्पा आधी तपासायला आले ते स्वतःचा लॅपटॉप घेऊन, आणि त्याचं घड्याळ बरोबर होतं. सबंध निपाणी दहा मिनिटं पुढं जगत होती, आणि मामाच्या हिशेबानं ती सगळी उद्याची माणसं होती.

"झालं तर," साहेब म्हणाले. "आक्का, घड्याळं मागं करायला सांग."

"न्हाय करणार."

"अगं आक्का, संस्थेचा प्रश्न आहे."

"तुझ्या संस्थेच्या आधी एसटी हाय. खेड्याकडची गाडी पाचलाच सुटतीया. तुझ्या कॉलेजची सुट्टीबी पाचला. पूर्वी पोरी पळत जायच्या, गाडी समोरनं जायची, मग अंधार पडंस्तवर स्टँडवर बसायच्या. असं दोन-तीनदा झालं की बाप म्हणतो, पोरी, बास झालं कॉलेज. मी तुमाला सुट्टीची वेळ बदला म्हणून किती वेळा सांगितलं. तुम्ही कमिटी नेमलीसा. मग मी घड्याळच बदललं. त्यानंतर एक पोरगी घरी बसली न्हाय. मशीनवर काम करताना पोरी मशीनचा कोपरा बघतात, म्हणून तेबी बदललं. आता चालव पेन."

साहेबांनी पेन चालवलं नाही, उलट टोपण लावलं.

टायवाले सावरून बसले. "यांच्या सर्व्हरची पाच मिनिटांची मर्यादा वाढवता येईल ना? पंधरा करा."

"मामाला झोपाळू करू?" आप्पा फरशीवरून म्हणाले. "आज पंधरा मिनिटं, उद्या कुणीतरी कालची चिठ्ठी घेऊन येईल. न्हाय."

म्हणजे मामा हलणार नाही, आक्का हलणार नाहीत, आणि दहातली दोन मिनिटं बोलण्यात गेलेली. मी कुठल्या बाजूला उभं राहायचं तेच मला कळेना. आयुष्यात प्रथमच दोन्ही पत्रकांवर माझी सही होती.

आप्पा माझ्याकडं वळले. "पत्रक, त्या दिवशी काय म्हणालीस? सुनेनंच का?"

"जुळवून घ्यायचं."

"हां. सासर बदलू." ते उठले, मशीनपुढं बसले आणि बोटं चालवता चालवता बोलायला लागले, आम्हाला की स्वतःला, देव जाणे. "मशीनच्या पोटात एकच वेळ असतीया. जगभर एकच. लंडन असू दे नायतर बेळगुंदी. पडद्यावर दिसतं ते गावाप्रमाणं. आपल्याकडं कुठल्या गावाचं दिसतं? कोलकात्याचं. यादीत भारताच्या वेळेला नावच कोलकात्याचं हाय. मग निपाणीनं काय घोडं मारलंय?"

जगातल्या गावांच्या वेळा मशीनमध्ये एका फाइलीत असतात. कोलकाता, साडेपाच तास पुढं. आप्पांनी त्याखाली एक गाव घातलं. निपाणी, पाच तास चाळीस मिनिटं पुढं. मग प्रयोगशाळेतल्या सगळ्या मशीनच्या पोटातली वेळ त्यांनी एका हुकमात खरी केली, आणि दुसऱ्या हुकमात सगळ्यांना सांगितलं, तुम्ही निपाणीत राहता.

पडद्यांचे कोपरे क्षणभर मागं गेले आणि परत पुढं आले. भिंतीशी जुळले. आक्कांनी चष्मा लावून एकेक मशीन तपासलं.

"पुढंच हाय की."

"तुमच्यासाठी पुढं हाय, आक्का. मामासाठी बरोबर."

दारात थांबलेली एक पोरगी परत आली, नाव घातलं, पासवर्ड घातला. मामानं तिला आत घेतलं. मग दुसरीला, मग तिसरीला, आणि मग एकदम गलका झाला. "चला गं, गाडी हाय," आक्का ओरडल्या, तेव्हा सगळ्या पळाल्या.

राहिले साहेब. ते खुर्ची ओढून बसले. "मला तेवढं आत जाऊन बघू दे. आप्पा, घाला. माझा पासवर्ड आहे..."

"काकती, होनगा, वंटमुरी," आप्पांची बोटं कानांत गेली.

साहेबांनी स्वतःचा पासवर्ड आयुष्यात पहिल्यांदा स्वतः घातला. दोनदा चुकला. मामानं त्यांना दोनदा न्हाय म्हंजे न्हाय सांगितलं आणि कुणी हसलं नाही, आक्का सोडून. तिसऱ्यांदा दार उघडलं. पडद्यावर सगळ्यांत वर मावशींची सकाळची ओळ होती. "आज भडंग हाय. आप्पांसाठी ठेवलंय, मागू नये."

साहेब ती ओळ बराच वेळ वाचत बसले. त्यांच्या मनगटावर पाच वाजले तेव्हाही वाचतच होते.

टायवाल्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "सर, हे सगळं तात्पुरतं जुगाड आहे. आमच्याकडं रीतसर..."

"बाळ," आक्का त्यांना म्हणाल्या, "तुझ्या पॅकेजात निपाणीची वेळ हाय काय?"

त्यांनी प्रामाणिकपणे आपल्या लॅपटॉपवरची यादी उघडून बघितली. खालीवर केली. "नाही हो मॅडम. भारतात एकच वेळ असते."

आक्कांनी टेबलावरचा त्यांचा कागद उचलला, नीट चौघडी घातली आणि त्यांच्याच खिशात ठेवली.

"मग न्हाय म्हंजे न्हाय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. मावशी राहिल्या, वॉचमन राहिले, संध्याकाळची मुलं राहिली. कुणाच्या नावापुढं आकडा लागला नाही.

आक्कांनी आम्हाला चहासुद्धा दिला नाही. "पळा, बेळगावची गाडी लागली असंल," म्हणून हाकललं. आम्ही धापा टाकत स्टँडवर पोचलो तर गाडी अजून यायची होती. आप्पांनी बाकावर पिशवी उघडली, सकाळपासूनचं पहिलं रताळं सोललं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

"आप्पा, गाडीला किती वेळ आहे हो?"

"आपल्याला," ते तोंड भरून म्हणाले, "दहा मिनिटं जास्त हायत."